तोंडातल्या तोंडात

"सिस्टर, आमच्या अरीबाचं आटपलं काय?"

ग्लॅडिस सिस्टर फोनवर वसईच्या बहिणीशी मराठीत बोलत होती. वॉर्डच्या दारातल्या माणसाने ते ऐकून सरळ मराठीतच विचारलं आणि तिने फोन तसाच ठेवून दिला. अरीबा म्हणजे तिच्या हाताखाली शिकायला आलेली नर्सिंगची विद्यार्थिनी. हा तिचा बाप जैनुद्दीन, मूळचा रत्नागिरीचा.

"घरी मराठी बोलता तुम्ही?"

"मग काय! पोरगी उत्तर इंग्लिशमध्ये देते, पण कळतं तिला सगळं."

खलास.

पेशंटशी हिंदी, विद्यार्थिनींशी इंग्लिश आणि राग मराठीत, तोंडातल्या तोंडात, ही ग्लॅडिसची रीत. बहारीनच्या या वॉर्डात मराठी कोणाला कळत नाही, अशी तिची सोळा वर्षांची खात्री होती. मग काय, सहा आठवडे नुसता तोंडाचा पट्टा चालू. "हिच्या हातात सुई दिली की पेशंट पळत पार जनाबिया गावाला पोचेल." "चादर घालतेय की तंबू ठोकतेय, राणीसाहेब?" आणि प्रत्येक वेळी अरीबा गोड हसून म्हणायची, "येस, सिस्टर." आता त्या हसण्याचा अर्थ काय लावायचा?

त्यातून आज अरीबाच्या तुकडीचा शेवटचा दिवस. कॉलेजच्या तूबा मॅडम आतल्या खोलीत मुलींचे फॉर्म तपासत बसल्या होत्या. वॉर्डात शिकायला कसं वाटलं, सिस्टर नीट वागवतात का, हातून चूक झाली तर सांगायची भीती वाटते का, यावर मुलींनी नाव न लिहिता मार्क द्यायचे. मार्क कमी पडले, तर पुढची तुकडी दुसऱ्या वॉर्डात. शेजारच्या वॉर्डाला गेल्या वर्षीपासून एकही मुलगी मिळालेली नव्हती. ग्लॅडिस वरून कितीही करवादली तरी पोरींना शिकवण्यातच तिचा जीव होता. मेल्या जिभेला हाड नाही ते नाहीच, असं म्हणत ती आत गेली. हेही मराठीतच.

मॅडमनी सगळे फॉर्म बाजूला सारून एकच पुढे केला. अक्षरं इंग्रजी आहेत पण भाषा कळत नाही, तुम्हाला वाचता येतं का, असं त्यांनी विचारलं. ग्लॅडिसने चष्मा लावला. इंग्रजी अक्षरांत मराठी. नाव नसलं तरी लिहिणारी कोण, हे सांगायला नकोच होतं.

तिने घाबरत आधी मार्कांकडे पाहिलं. दहापैकी दहा. सगळीकडे दहा. ती मॅडमसमोर परवानगी न विचारताच खुर्चीत बसली. मग खालच्या ओळी तिने मोठ्याने वाचल्या. मॅडमना अर्थ सांगायचा तर राहूनच गेला.

"सिस्टर दिवसभर मला मराठीत बोलतात. त्यांना वाटतं, मला कळत नाही. पहिलं इंजेक्शन देताना माझा हात कापत होता. तेव्हा सिस्टर माझ्या मागे उभ्या राहून हळूच म्हणाल्या, 'देवा, माझ्या पोरीचा हात सांभाळ.' तेही मला कळलं."