लाल चामड्याचे हातमोजे

"कुत्र्याच्या दाताचं बिलसुद्धा प्रचारनिधीतून?" खासदारांच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या समितीचे तपासनीस पेल्टियर यांनी चष्म्यावरून पाहिलं. "कुत्रा प्रचार करायचा का, मॅडम?"

"परेडमध्ये सगळ्यांच्या पुढे असायचा," लॉर्ना म्हणाली. "लोकांना माझ्या नवऱ्यापेक्षा तोच जास्त आवडायचा."

शेजारी बसलेला वकील व्हिट खाकरला. "ते पैसे खासदारसाहेबांनी परत भरलेत. पुढे चला."

आता एकच पावती उरली होती. बायकांचे लाल चामड्याचे हातमोजे, एक जोड, डिसेंबरातले.

तिच्यावरच्या उत्तराची उजळणी व्हिटने सकाळी गाडीत लॉर्नाकडून दोनदा करून घेतली होती. "नियम सोपा आहे, लॉर्ना. प्रचारनिधीतून स्वयंसेवकाला नाताळची छोटी भेट चालते. बायकोला साधा रुमालही चालत नाही, आणि आता आणखी एक चूक निघाली तर पैसे भरून सुटका नाही. तू फक्त म्हण, माझे नाहीत. कर्टिसची खासदारकी वाचली." पुढच्या सीटवरून तिचा नवरा कर्टिस वळला नव्हता. "खरं तेच तर सांगायचंय," एवढंच म्हणाला होता.

खरं तेच होतं. हातमोजे तिने जानेवारीत पाहिले होते, शपथविधीला, पायऱ्यांवर. प्रचारात फोनवर मतं मागणाऱ्या स्वयंसेविका टेसच्या हातांत. लॉर्नाशी हात मिळवायला टेसने एक हातमोजा काढला. दुसरा हात कर्टिसच्या बाहीवरचा दोरा टिपत राहिला.

"रंग छान आहे," लॉर्नाच म्हणाली होती.

"भेट मिळालेत," टेस म्हणाली, आणि कर्टिस बर्फाकडे पाहू लागला.

बावीस नाताळांत लॉर्नाला त्याच्याकडून मिळालेली सगळ्यात नाजूक वस्तू म्हणजे वाफेची इस्त्री.

"मॅडम, हे हातमोजे कोणाला दिले, माहीत आहे?"

'मला नाही' म्हटलं की झालं असतं. नावही घ्यावं लागलं नसतं. पण मग ते टेसचे झाले असते. कागदावर, कायमचे, आणि नियमात बसणारे.

"मला," लॉर्ना म्हणाली.

व्हिटचं पेन थांबलं. "लॉर्ना, नीट आठव."

"नीटच आठवतंय. नाताळच्या सकाळी दिले. रंग त्यानेच निवडला होता."

पेल्टियर यांनी पावती जवळ ओढली. नंबर साडेसहा, लहान हातांचा. मग त्यांनी टेबलावरच्या तिच्या हातांकडे पाहिलं. रुंद पंजे, जाड बोटं. लॉर्नाने हात मागे घेतले नाहीत.

"घट्ट होतात," ती म्हणाली. "पण माझेच आहेत."