एकट्याची डोलकाठी

"पुन्हा नाही उठली," थोरला म्हणाला आणि दोरी सोडून ट्रेलरच्या चाकावर बसला.

वहिनी ओले हात पुसत दारात आली. अंगणात ट्रेलरवर छोटी शिडाची होडी, होडीवर आडवी पडलेली डोलकाठी आणि भोवती पाइप, पुल्या, बोल्ट यांचा पसारा. काठीच्या बुडाशी नवऱ्याने बिजागरी बसवली होती. पुढून दोरी ओढली की काठी उभी राहायला हवी. ती उठायचं सोडून नुसती करकरत होती.

"दोघे असते तर एव्हाना उठली असती," वहिनी म्हणाली.

"एकट्याने उठवायची आहे."

पूर्वी काठी दोघे भाऊ मिळून उठवत. एक खांद्यावर घेई, दुसरा दोरी ओढी. मागच्या वर्षी ती उठता उठता कोसळली. दोरी सुटली की खीळ नीट बसली नव्हती, यावरून दोघांचं वाजलं. काठीला तडा गेला, धाकट्याच्या हाताचं हाड मोडलं. काठी सांधली, हाडही जुळलं. बोलणं मात्र जुळलं नाही.

आता थोरला एकट्याने काठी उभी करायचं यंत्र बनवत होता. ते जमलं की भावाची गरजच संपली. वहिनीचा जीव तुटत होता. त्या दोघांना एकत्र आणणारं तेवढंच एक काम उरलं होतं.

"इकडे ये, बघ." दोरी कुठे बांधली, काठी कुठे अडते, हे थोरल्याने बोट ठेवून दाखवलं. मग पुन्हा एकदा दाखवलं. "आलं ध्यानात?"

"मला सांगून काय उपयोग? मला पायजम्यात नाडी ओवता येते, तेवढंच."

"तरी बघून ठेव."

दुसऱ्या दिवशी ती भाजीची पिशवी घेऊन निघाली, ती थेट धाकट्याच्या दुकानात. धाकटा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. अर्धवट पाट्या भिंतीला टेकून उभ्या होत्या. हल्ली लोक छापूनच घेतात, काम राहिलं नाही, असं तो म्हणे. उजवा हात खिशात घालून तो स्टुलावर बसला होता.

"भावजी, समजा, एक लांब काठी आडवी पडली आहे..."

"समजा," धाकटा हसला. "दादाची काठी उठत नाहीये, असंच ना?"

"तुम्हाला माझी शपथ. त्यांना कळता कामा नये."

हात खिशातच ठेवून तो वाकला, खडू उचलला आणि फरशीवर रेघ ओढली. पट्टीशिवाय सरळ रेघ मारणारा माणूस, पण ही रेघ वाकडीतिकडी आली. मन थाऱ्यावर नसेल, वहिनीला वाटलं.

"आडव्या काठीला आडवं ओढून ती कशी उठेल? बुडाशी एक पाइप उभा करायचा, काठीशी काटकोनात. दोरी त्याच्या टोकावरून न्यायची. मग ओढ वरून बसते."

संध्याकाळी भाजी निवडता निवडता वहिनी म्हणाली, "अहो, मला आपलं सुचलं म्हणून सांगते..."

ऐकून थोरल्याने मान डोलावली. "वा! हे माझ्या डोक्यातच आलं नाही."

पाइप जोडायला आलेला वेल्डर गालातल्या गालात हसला. "वहिनी, साहेबांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. आणि दोरी-पुली तुम्ही शिकवताय?"

"दिव्याखाली अंधार," ती म्हणाली आणि मनातून फुलली.

मग हे चालूच राहिलं. काठी अर्ध्यावर जाऊन एका बाजूला कलू लागली. थोरल्याने वहिनीला अडचण समजावून सांगितली, दोनदा. वहिनीने भाजी आणली आणि भाजीबरोबर उत्तर: बाजूच्या दोऱ्यांच्या कड्या बिजागरीच्या रेषेत, तितक्याच उंचीवर घ्यायच्या, म्हणजे दोऱ्या मध्येच ढिल्या पडत नाहीत. आणि दोरी हातातून सुटलीच तर? दोरी गुंडाळणारी दात्यांची विंच लावायची. हँडल सोडलं तरी ती मागे फिरत नाही. हे सांगून धाकटा फरशीवरची खडूची रेघ पायाने पुसत राहिला. घरी ते ऐकून थोरला काठीच्या सांध्यावरून हात फिरवत राहिला. भाजी मात्र एवढी साठली की शेजारणींना वाटावी लागली.

विंच बसवताना वेल्डर अडला. "साहेब, हँडल उलट्या बाजूला येतंय. डाव्या हाताने फिरवावं लागेल."

"तिकडेच लाव."

त्यानंतर दर वेळी यंत्र तपासताना थोरला उजवा हात कमरेच्या पट्ट्यात खोचून उभा राहायचा. ही काय नवी तऱ्हा, म्हणून वहिनीने विचारलं. "खांदा धरलाय," तो म्हणाला. शेकून देते म्हटलं, तर तेही नको.

रविवारी सकाळी काठी उठली. थोरल्याने वाकून डाव्या हाताने हँडल फिरवलं, विंच कटकट वाजत राहिली आणि काठी सावकाश, जराही न डगमगता वर आली. मध्येच त्याने मुद्दाम हँडल सोडलं. काठी होती तिथेच थांबली. पुन्हा फिरवलं, तशी ती सरळ उभी राहिली. वेल्डरने टाळ्या वाजवल्या.

वहिनीने वाजवल्या नाहीत. भाजीच्या पिशवीतून एकेक उत्तर आणून आपणच भावाभावांतला शेवटचा धागा कापला, असं वाटून तिला रडू येत होतं.

"झालं तर मग," ती म्हणाली. "आता कोणी नको तुम्हाला."

"कुठे झालं? एक माप राहिलंय." थोरल्याने पट्ट्यातून हात काढला आणि खिशातली टेप तिच्या हातात ठेवली. "हँडल फार खाली आलंय. नेमक्या उंचीवर घ्यायला हवं."

"मग घ्या की मोजून."

"माझं माप घेऊन काय करू?" तो होडीकडे बघत म्हणाला. "उद्या भाजीला जाशील, तेव्हा धाकट्याला सरळ उभा कर आणि जमिनीपासून त्याच्या डाव्या कोपरापर्यंत मोजून आण."