उलटा टायर

चाकाचा माग ताजा होता. रात्रीच्या वाऱ्यानं वाटेवरच्या बाकी सगळ्या खुणा पुसून टाकल्या होत्या आणि त्या कोऱ्या धुळीवर ही एकच बाणांची नक्षी डोंगर चढत गेली होती. रोसाल्बा सायकलवरून उतरली, वाकून बघत राहिली.

पुढच्या चाकाचे बाण उलटे होते.

वेंडेल पुढचा टायर मुद्दाम उलटा बसवायचा. वाळूत पकड चांगली मिळते, असं त्याचं म्हणणं. मागून येणाऱ्याला मात्र वाटायचं, हा माणूस गेला नाही, परत आलाय. यावरून रोसाल्बानं लग्नाची अकरा वर्षं नवऱ्याची थट्टा केली होती.

साडेपाच वर्षांपूर्वी, जूनमधल्या एका सकाळी, तो याच साउथ माउंटनवर सायकल घेऊन गेला आणि आला नाही. गाडी पायथ्याशी उभी होती, आत पाकीट आणि फोन. त्या दुपारी फिनिक्सचा पारा सेहेचाळीसवर होता. नऊ दिवस हेलिकॉप्टर फिरलं, कुत्री फिरली. माणूस नाही, सायकलही नाही. भर शहराच्या पोटातला डोंगर, दोन्ही अंगांना लाखो घरं, आणि त्यात एक माणूस विरघळून जातो. शेवटी जुन्या खाणींच्या विवरांकडे बोट दाखवून शोध थांबला.

या मे महिन्यात कोर्टानं त्याला मृत ठरवलं. बहिणीनं आग्रह करून चर्चमध्ये प्रार्थना ठेवली. ‘माझा नवरा वारला’ हे शब्द त्या दिवशी पहिल्यांदा रोसाल्बाच्या तोंडून निघाले.

तरी दर रविवारी ती डोंगरावर यायची, घळीघळीत डोकावायची. ऑक्टोबरात डायलिसिस केंद्रातली तिची पाळी बदलली. रविवार कामाचा झाला, मंगळवार सुट्टीचा. पहिल्याच मंगळवारी तिला माग दिसला. पुढच्या मंगळवारी पुन्हा. आजचा पाचवा.

वळणावर एमॉस भेटला. पूर्वी शाळेची बस चालवायचा, आता प्रथमोपचाराची पिशवी पाठीला लावून डोंगरावर गस्त घालतो. वेंडेलला शोधायलाही तो होता. तिनं त्याला माग दाखवला.

“उलटा टायर लावणारे पन्नास येडे सापडतील या शहरात,” तो म्हणाला.

“आणि त्या खडकाला डावीकडून जाणारे?”

एमॉसनं खडकाकडे पाहिलं. उजवीकडून सगळे जातात. डावीकडे चोया निवडुंगाचे काटे आणि खाली कमरेएवढी उडी. तिकडून जायची खोड एकट्या वेंडेलची होती. माग डावीकडून गेला होता.

त्यानं पाण्याच्या बाटलीचं झाकण घट्ट फिरवलं. मग म्हणाला, “मागे जाऊ नकोस, रोसाल्बा.”

“का?”

“सापडलं काही, तर काय करशील?”

 तिनं रुमाल नाकावर ओढला, गॉगल चढवला आणि निघाली.

चढ संपत नव्हता. उंच सग्वारो निवडुंगांच्या सावल्या वाटेवर आडव्या पडल्या होत्या. खालून महामार्गाची घरघर येत होती, पण डोंगरावर पाखरूही बोलत नव्हतं. एका वळणापलीकडे तिला मोकळ्या चाकाची टिकटिक ऐकू आली. ती थांबली तशी टिकटिकही थांबली. हाक मारावी असं तिच्या ओठांवर आलं, आणि तिनं ओठ घट्ट मिटले. ओ आली असती, तर?

माथ्यावरून माग दक्षिणेला उतरला होता. त्या अंगाला ती कधी गेली नव्हती. तिकडे नुसते काटे, बघण्यासारखं काही नाही, असं वेंडेल नेहमी सांगायचा. आज ती उतरली. 

पायथ्याशी माग वाट सोडून कोरड्या ओढ्यात शिरला आणि एका घराच्या मागल्या भिंतीतल्या छोट्या फाटकापाशी संपला.

तेव्हा कुठे तिचा जीव भांड्यात पडला. म्हणजे हे भूत नव्हतं. कुणाला तरी ती सायकल कुठल्या तरी घळीत सापडली होती. घळ कुठली ते कळलं, तर हाडं तरी मिळतील. मूठभर का होईना, काहीतरी पुरता येईल.

अंगणात एक बाई नळीनं लिंबाच्या झाडाला पाणी घालत होती. सायकल भिंतीला टेकलेली होती, नुकतीच धुतलेली.

“पाणी हवंय का?” बाईनंच विचारलं. “या आत. चेहरा दिसत नाहीये, पण दमलेल्या वाटताय.”

तिनं फाटक उघडलं, पेला भरून आणून भिंतीवर ठेवला आणि पुन्हा नळी हातात घेतली. रोसाल्बाची नजर सायकलवरून हटेना.

“ही सायकल कुणाची?”

“माझ्या नवऱ्याची. आत्ताच आला, अंघोळीला गेलाय. मंगळवार चुकवत नाही कधी.”

“त्यांना ती सापडली कुठे, सांगाल का? मला फक्त जागा हवीय.”

“सापडली?” बाई हसली. “अहो, आमच्या लग्नाच्याही आधीपासून आहे त्याच्याकडे. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाही.”

घरात शॉवरचं पाणी पडत होतं. त्या आवाजात कुणीतरी शीळ घालत होतं. रोसाल्बानं पेला घेतला आणि प्यायला म्हणून गॉगल काढला, रुमाल खाली ओढला.

बाईच्या हातातली नळी सुटली. ती एकेक पाऊल मागे सरकत गेली, थेट भिंतीला पाठ टेकेपर्यंत.

“रोसाल्बा?” ती पुटपुटली. “त्याच्याकडच्या फोटोतली?”

रोसाल्बानं तर तिला नाव सांगितलं नव्हतं.

“त्यानं आणलेली तुमची राख,” बाई म्हणाली, “मी माझ्या या हातांनी सोडलीय डोंगरावर.”