बाद केलेला नमुना

आतड्यांच्या सुजेत सापडणाऱ्या जिवाणूंची नेमकी खूण शोधायची, तर निरोगी माणसांची शीसुद्धा तपासायला हवीच ना! पण ती देणार कोण? शेवटी लॅबमधल्या धाकटीने आपल्या दादालाच गळ घातली. "आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझ्याकडे हे मागतंय," म्हणत त्याने हसत हसत डबी भरून दिली.

आणि निकालात बघते तर काय, निरोगींच्या गटात दादाचा एकटाच नमुना थेट आजाऱ्यांसारखा! "दादा आणि आजारी? अगं, दगड पचवतो तो! डब्यांची अदलाबदल झाली असणार," असं मैत्रिणीला सांगून तिने तो खुशाल बाद केला. दोन्ही गट आलेखात कसे छान वेगळे दिसायला लागले. सरांनी पाठ थोपटली.

वर्षभरात दादा वाळून काटकुळा झाला. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी तिला कळलं, शौचातून रक्त तर त्याला डबी देण्याआधीपासूनच जात होतं. ती रडत रडत खेकसली, "मग तेव्हाच बोलला का नाहीस रे?"



"अगं वेडे, म्हणून तर डबी दिली होती. तू काहीच बोलली नाहीस, म्हटलं, सगळं ठीक असेल."