दुप्पट जोर

वडिलांच्या गॅरेजमध्ये मधोमध पत्रा ठोकल्यापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. गाडीची ताकद वाढवायची तर थोरला टर्बो बसवायचा. धाकटा गाडीतल्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलायचा आणि पत्र्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात गिऱ्हाइकाला म्हणायचा, "नुसतं लोखंड वाढवून अक्कल वाढत नाही, साहेब."

दोघांच्या ताईची गाडी चढावर धापा टाकायची. दाजींनी ती आधी धाकट्याकडे नेली, मग थोरल्याकडे. घरचं काम म्हणून दोघांनीही त्यात जीव ओतला.

एकावर एक चढवलेला तो जोर इंजिनाला पेलला नाही. भर चढावर ते जाम झालं आणि मागून ट्रक आदळला. ताई जागीच गेली.

गाडी दोघांकडेही नेली होती हे हॉस्पिटलच्या बाकावर दाजींच्या तोंडून कळलं, तेव्हा थोरल्याने इतक्या वर्षांनी धाकट्याकडे मान वळवली. "सेटिंग कितीवर ठेवलं होतंस?"

"पार टोकाला. टर्बो बसणार हे ठाऊक असतं तर हात लावला नसता, दादा."

दोघेही दाजींकडे वळले. "आधी एका शब्दाने बोलला नाहीत?"

"तिनेच शपथ घातली होती," दाजी म्हणाले. "एकापुढे दुसऱ्याचं नाव काढलंत, तर मला माहेर उरणार नाही म्हणाली."