मावशींचं तिकीट

तिकिटांची खिडकी बंद झाली ती नेमकी घड्याळवाल्याच्या तोंडावर.

"संपली!" आतून आवाज आला. "आज शेवटचं रेकॉर्डिंग. कार्यक्रम बंद होतोय."

घड्याळवाला काचेवर हात टेकून तसाच उभा राहिला. त्याच्यामागची माणसं रेडिओवाल्यांच्या नावानं बोटं मोडत पांगली. तिकीट आधीच मिळालेले निवृत्त पोस्टमास्तर तेवढे थांबले.

"अंधारात यायचं हो," ते म्हणाले. "उजाडल्यावर येणाऱ्याच्या वाट्याला रांगेचं शेपूटच येतं."

"पहिल्याच गाडीनं आलो. त्याआधी गाडी नाही."

ते खरंच होतं. शेजारच्या गावात त्याचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. गेले दोन महिने तो दर आठवड्याला येत होता आणि हात हलवत परत जात होता. इस्त्रीचा शर्ट, हळू बोलणं, कधी मध्ये घुसणं नाही की धक्काबुक्की नाही. हसायच्या कार्यक्रमासाठी धडपडणारा हा माणूस स्वतः कधी हसताना मात्र दिसला नव्हता. रांगेत उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे बघत राहायचा.

एकदा मावशींनीच त्याला बोलतं केलं होतं. मावशी म्हणजे रांगेतला पहिला नंबर. घरोघरचे पडदे शिवून पोट भरायच्या. नवरा होता तेव्हा दोघं जोडीनं यायची. तो वारल्यावरही त्यांनी रांग सोडली नाही. खिडकीवर माणशी दोन तिकिटं मिळत. एक स्वतःला, दुसरं त्या आपल्या भाडेकरणीला नेत.

"तुम्हाला कसा हो लागला हा नाद?" त्यांनी विचारलं होतं.

"मला कसला नाद. बायकोला होता. रेडिओला कान लावून बसायची."

"आणि आता?"

"ती गेली."

"आजारी होत्या?"

"छे. रात्री स्वयंपाक केला, भांडी घासली, काही म्हणजे काही कळू दिलं नाही. सकाळी उठून बघतो तर गेलेली."

"सुटली म्हणायची बिचारी," मावशी म्हणाल्या. "आमच्या माणसानं फार दिवस अंथरुणावर काढले."

घड्याळवाल्यानं मान खाली घातली. "मध्ये एकदा दुकानात हा कार्यक्रम लावला होता. लोक हसले, त्यात तिचं हसू ऐकू आलं. हजारात ओळखेन मी ते. तेव्हापासून कामात लक्ष नाही. एकदा त्या खुर्च्यांत जाऊन बसायचंय, बस."

"जुने भाग लावतात अधूनमधून," पोस्टमास्तर घसा खाकरत म्हणाले आणि दुसरीकडे बघू लागले.

त्या दिवसापासून रांगेनं त्याला आपलं मानलं. पण प्रत्येकाच्या दुसऱ्या तिकिटावर घरचं कुणीतरी टपलेलं असायचं. कळवळा सगळ्यांना होता, तिकीट कुणीच दिलं नाही.

संध्याकाळी मावशी तिकीट घेऊन पुढच्या फाटकाशी आल्या. गार वारा सुटला होता. घड्याळवाला गजांना टेकून उभा होता.

"अजून गेला नाहीत?"

"जाऊन तरी काय करू? घर खायला उठतं."

मावशींनी पिशवीतून तिकीट काढलं आणि त्याच्याकडे बघत राहिल्या. मागच्या रांगेतल्या कोपऱ्यात नवऱ्याशेजारी त्यांनी किती संध्याकाळी काढल्या होत्या. आज त्या जागेचा निरोप घ्यायला म्हणून ठेवणीतली साडी नेसून आल्या होत्या. त्यांनी तिकीट पुढे केलं.

"नको मावशी. तुमचाही शेवटचाच दिवस आहे."

"माझ्या माणसाला मी डोळे भरून बघितलंय. तुमचं राहून गेलंय. धरा."

घड्याळवाल्याच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं तिकीट घेतलं.

"शेजारी माझी भाडेकरीण बसेल," मावशी म्हणाल्या. "ती मागच्या गल्लीतून, मागच्या दारानं येते, अगदी दार लागता लागता. गर्दीची धास्ती आहे पोरीला. आठवड्यातून एवढीच काय ती घराबाहेर पडते. मी दिसले नाही तर गांगरेल. सांगाल तिला, मावशी फाटकाशी थांबलीय म्हणून?"

"सांगतो," तो म्हणाला.

तो आत गेला. मावशी फाटकाजवळच्या बाकावर पदर लपेटून बसल्या. वाईट वाटत होतंच, पण छातीवरचा दगड उतरल्यासारखंही वाटत होतं.

"पुण्य लागेल तुम्हाला," आत जाता जाता पोस्टमास्तर म्हणाले.

"पुण्य कसलं मेलं! त्या जिवाला शांती मिळाली म्हणजे झालं."

आत दिवे मंदावले. निवेदक मंचावर आला. मागचं दार किंचित उघडलं, एक बाई वाकून, लोकांचे गुडघे चुकवत कोपऱ्याकडे सरकली आणि खुर्चीत बसली. दारवानानं बाहेरून दार ओढून घेतलं. लाल दिवा लागला. निवेदकाच्या पहिल्याच वाक्याला सारं सभागृह खदखदून हसलं.

"उशीर झाला हो मावशी," ती कुजबुजली आणि अंधारात शेजारच्या हातावर हात ठेवला.

घड्याळवाल्यानं तिचं मनगट घट्ट धरलं.

"ओरडायचं नाही," तो तिच्या कानाशी, नेहमीच्या हळू आवाजात म्हणाला. "मला टाकून इथं हसत बसतेस होय? कार्यक्रम संपला की मुकाट्यानं घरी चालायचं."