दोन शेवट

"शेवट वाईट असेल तर बदल," थोरली दाराबाहेरच धाकट्या बहिणीला अडवून म्हणाली. "उद्या सकाळी पोरीचं ऑपरेशन आहे. आज तिला रडवू नकोस."

धाकटीच्या हातात जुनं पुस्तक होतं, बोट शेवटच्या प्रकरणात अडकवलेलं. "ताई, लिहिलेलं मी कसं बदलू?"

"का? देवानं तोंड दिलंय ना? तुझा प्रबंध गेला खड्ड्यात."

शंभर वर्षांपूर्वीच्या मुलांच्या अद्भुतकथा हा धाकटीच्या प्रबंधाचा विषय. चार वर्षं ती त्यातच बुडालेली. त्या काळी मुलं साध्या तापानं जायची, वर्गातली एखादी जागा अचानक रिकामी व्हायची, लढाईवर गेलेला बाप परतेलच याचा नेम नसायचा. तेव्हाच्या लेखकांनी मुलांना ढगांपलीकडच्या देशात नेलं, बोलणारे प्राणी सोबतीला दिले, पण मरण काही त्यांच्यापासून लपवलं नाही. पुढे प्रकाशकांनी त्याच गोष्टींचे शेवट साखरेत घोळवले. त्या प्रकाशकांवर धाकटीनं एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं आणि कुणाची भीडभाड ठेवली नव्हती. 'हा मुलांचा विश्वासघात आहे' हे तिचं वाक्य मार्गदर्शक बाईंनी सगळ्यांसमोर वाचून दाखवलं होतं.

भाची दवाखान्यात दाखल झाली तेव्हा मावशीनं हौसेनं मूळ आवृत्तीच आणली. नऊ वर्षांच्या मुलीला ती कशी वाटते, तेही पाहता येईल, असा हिशेब. दुसरी कुठलीही मावशी चित्रांचं पुस्तक घेऊन आली असती. आता स्वतःच्या या हुशारीचा तिला मनापासून राग येत होता.

भाची उशीला टेकून बसली होती. येणाऱ्याजाणाऱ्याची उलटतपासणी घेते म्हणून घरात तिला सगळे वकीलसाहेब म्हणत. भूल देणाऱ्या डॉक्टरांचीही तिच्या हातून सुटका झाली नव्हती.

"बाहेर काय कुजबुजत होतात?"

"काही नाही गं, चहाचं विचारत होते," थोरली म्हणाली.

"चहाचं एवढं हळू?"

मावशीनं घाईघाईनं पुस्तक उघडलं. गोष्टीतले भाऊ-बहीण, रस्त्यावरचे दिवे लावणाऱ्या माणसानं विसरलेली शिडी चढून, दिव्याच्याही वर, ढगांच्या गावात पोचले होते. आता घरी परतायचं होतं. पण वरून कुणी धरून ठेवल्याशिवाय ती शिडी उभी राहत नव्हती.

"'भावानं शिडी घट्ट धरली,'" मावशी वाचू लागली. "'तू आधी उतर, तो म्हणाला. खाली बघू नकोस.'"

पान संपत आलं. थोरली पलंगाच्या पायथ्याशी उभी होती आणि तिच्याकडे एकटक पाहत होती. लहानपणी हातून काही फुटलं की 'आईला सांगू नकोस' म्हणून बघायची, अगदी तशी. धाकटीचा धीर सुटला.

"'मग... मग वारा पडला. दोघं हातात हात घालून खाली उतरली. दारात आई उभी होती. तिनं दोघांना पोटाशी धरलं.' झाली गोष्ट."

थोरलीनं सुटकेचा श्वास टाकला.

भाचीची नजर पुस्तकावरच होती. "मग शिडी कोणी धरली?"

"अगं, धरली असेल ढगातल्या कुणीतरी," थोरली म्हणाली.

"मावशी, तू पान उलटलंच नाहीस."

धाकटीचे कान तापले. चार वर्षं ज्यांना धारेवर धरलं, त्यांच्याच पंगतीला ती एका मिनिटात जाऊन बसली होती.

"वाच ना," भाची म्हणाली. "मला कळलंय काय ते. पण तू वाच."

थोरलीकडे न बघता धाकटीनं पान उलटलं. बहिणीचे पाय जमिनीला टेकेपर्यंत भावानं शिडी धरून ठेवली. मग शिडी कोसळली. बहिणीनं वर तोंड करून हाका मारल्या, पण कुणी ओ दिली नाही. पुढे दिवेलागणीला ती रोज त्या दिव्याच्या खांबाशी जाऊन उभी राहू लागली. एवढं लिहून लेखक थांबला होता. थोरली केव्हाच खिडकीशी जाऊन पाठमोरी उभी राहिली होती आणि पदराचा बोळा तिनं तोंडावर धरला होता.

भाची रडली नाही. "त्याला भीती वाटली का?"

"पुस्तकात लिहिलेलं नाही."

"वाटली असणार. तरी धरली."

मग तिनं खिडकीकडे पाहिलं. आईची पाठ तशीच होती. तिनं मावशीला खुणेनं जवळ बोलावलं आणि तिच्या कानाशी तोंड नेलं.

"तो मघाचा तुझा शेवट आहे ना, तो विसरू नकोस हं," ती कुजबुजली. "उद्या मी आत गेले की आईला तोच सांग."